शेवट सांगणारा

गिरणगावातल्या चाळीत प्रत्येक खात्याला एक माणूस नेमलेला असे. नेमणूक कुणी केली, कधी केली, याची कुठे नोंद नसे. मयताचं सामान आणायला ठरलेला एक, लग्नात वाढपी गोळा करणारा एक, बायाबापड्यांच्या मनिऑर्डरी लिहून देणारा एक आणि नळ गेला की सगळ्यांच्या वतीने शिव्या देणारा एक. याच यादीत, बराच खाली, एक पोरगा असे. त्याचं खातं पिक्चरची स्टोरी सांगण्याचं. वय साधारण दहा ते चौदा. दहाच्या आत स्टोरी ध्यानात राहत नाही आणि चौदानंतर आवाज फुटतो, मग हिरोईन जमत नाही.

आमच्या मजल्यावर या खात्यावर जो होता त्याला बारशाचं एक नाव होतं, पण ते शाळेच्या हजेरीपटाबाहेर कधी वापरात आलं नाही आणि हजेरीपटावरही त्याच्यापुढे बहुधा 'गैरहजर' असायचं. सगळे त्याला स्टोरीवाला म्हणत. अंगाने किडकिडीत, पुढचे दोन दात जरा बाहेर, थोरल्या भावाची खाकी हाफपँट करगोट्याने आवळलेली. सांगण्याच्या भरात तोंडातून थुंकी उडायची, म्हणून पहिल्या रांगेत बसायला कुणी राजी नसे. पण थिएटरातही पहिली रांगच सगळ्यात स्वस्त असते, तेव्हा हे व्यवस्थेला धरूनच होतं.

लालबाग-परळात त्या काळी थिएटरांची ददात नव्हती. भारतमाता होतं, जयहिंद होतं, थोडं पुढे हिंदमाता, आणि पाय चालवायची तयारी असेल तर दादरला चित्रा आणि प्लाझा. ददात होती ती दाराच्या आत जाण्याची. वडील गिरणीत साचेखात्यात. पगार झाला की आई फरशीवर बसून पैशांचे ढीग लावी. हा वाण्याचा, हा रेशनचा, हा भाड्याचा, हा गावच्या मनिऑर्डरीचा, हा भिशीचा. पोरं भोवती उकिडवी बसून बघत. सगळे ढीग लावून झाले की शेवटी जिथे पिक्चरचा ढीग यायला हवा, तिथे फरशी दिसे.

तरीही अर्ज करायची पद्धत होती, आणि तो योग्य मार्गानेच करावा लागे. पोराने आजीच्या कानावर घालायचं, आजीने आईच्या, आणि वडील पहिल्या पाळीवरून येऊन चहा पिऊन गॅलरीत टेकले की आईने त्यांच्या. उत्तर त्याच मार्गाने उलटं येई. परीक्षा जवळ आली आहे, सुतक आहे, पावसाळ्याचं कुठे जाता, आणि यातलं काही लागू नसेल तर 'गेल्या वर्षी बघितलास ना!' मंजूर होणारे पिक्चर दोनच प्रकारचे. एक देवाचा. दुसरा, शाळेने रांगेने नेऊन दाखवलेला 'श्यामची आई'. 1953 साली आचार्य अत्र्यांनी काढलेल्या या पिक्चरला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं होतं आणि पुढे पिढ्यान् पिढ्या शाळेतल्या पोरांनी तो रडत रडत बघितला. आमची तक्रार वेगळी होती. पिक्चर बघायला मिळावा म्हणून जीव टाकायचा, आणि बघायचं काय, तर पैसे नसलेलं घर! वर घरी आलं की आई म्हणायची, "बघितलंस ना, कसा वागायचा तो?" म्हणजे करमणूक गेलीच आणि पुढचे चार महिने तुलना मागे लागली.

तेव्हा वर्गणी निघाली. मजल्यावरच्या पोरांनी पाच पैसे, दहा पैसे असे काढायचे. कुणी रद्दीच्या हिशेबात मारायचा, कुणी गिरणीवरच्या दळणात, कुणी मामाने दिलेलं नाणं जिभेखाली लपवून आणायचा. त्यातून खालच्या वर्गाचं एक तिकीट निघायचं आणि एक जण सगळ्यांच्या वतीने पिक्चर बघून यायचा. सुरुवातीला हा एक जण चिठ्ठ्या टाकून निवडत. पहिल्या खेपेला जो गेला तो परत आला, जिन्यात सगळ्यांच्या मधोमध बसला आणि म्हणाला, "भारी होता." पुढे काय, असं विचारल्यावर थोडा विचार करून म्हणाला, "फायटिंग लई भारी होती." संपलं. सगळ्या मजल्याचं भांडवल त्या दोन वाक्यांत बुडालं. त्यानंतर चिठ्ठ्या बंद झाल्या आणि ज्याला सांगता येतं त्यालाच पाठवायचं ठरलं. स्टोरीवाल्याचा उदय असा झाला. गुणवत्तेवर झालेली ती चाळीतली पहिली नेमणूक असावी.

त्याच्यावर अटी मात्र कडक होत्या. तिकिटाचा अर्धा तुकडा आणून दाखवायचा. मध्ये डोळा लागू द्यायचा नाही. इंटरव्हलमध्ये स्वतःच्या पैशाने वडा खाल्ला तर तोही नीट सांगायचा, चटणीसकट.

पिक्चर सुटल्यावर तो वाटेत कुणाशी बोलायचा नाही. स्टोरी सांडेल अशी भीती त्याला वाटायची. तोंड मिटून, भरभर चालत, जिना चढून यायचा, माठातलं पाणी घटाघटा प्यायचा आणि गॅलरीच्या टोकाला, संडासाच्या अलीकडच्या जागेत, आपल्या ठरलेल्या पायरीवर बसायचा. सुरुवात थेट स्टोरीने कधीच नाही. आधी सेन्सॉरचं सर्टिफिकेट. "रंगीत. सोळा रिळं." रीळ म्हणजे हजार फूट, जेमतेम अकरा मिनिटांचा ऐवज, हे त्याला कुठूनसं कळलं होतं. त्यामुळे रिळांचा आकडा ऐकूनच आज जेवायला उशीर होणार की नाही, याचा अंदाज लोक बांधायचे. मग कंपनीची निशाणी. मॅटिनीला लागणारा 'प्रभात'चा जुना पिक्चर असला तर तो उठून उभा राहायचा आणि कमरेत किंचित वाकून तुतारी फुंकायचा. मेहबूबचा असला तर दोन्ही हात एकमेकांवर आडवे धरून कोयता-हातोडा करायचा. लाल बावट्याच्या युनियनमधले एक काका तेवढ्यासाठी दारात येऊन थांबायचे. कोयता-हातोडा झाला की आत निघून जायचे. पुढच्या स्टोरीशी त्यांना कर्तव्य नव्हतं.

मग स्टोरी. तीन तासांचा पिक्चर सांगायला त्याला साडेतीन तास लागत, कारण पडद्यावर जे एकाच वेळी दिसतं ते याला एकापाठोपाठ एक करावं लागे. घोडा आधी दौडायचा, त्याच्या टापा मांडीवर वाजायच्या, मग घोड्यावर कोण आहे ते कळायचं, मग धूळ, मग त्याच्या मागून येणारी जीप, आणि एवढं झाल्यावर पुन्हा सगळं एकत्र करून तोंडाने पार्श्वसंगीत. फायटिंगसाठी धाकटा भाऊ पगारी नेमलेला. पगार म्हणजे फुकट प्रवेश. त्याने मार खायचा, धडपडायचं, उठायचं, पुन्हा खायचा. एकदा भाऊ उलटा फिरला आणि त्याने स्टोरीवाल्यालाच एक ठेवून दिली. स्टोरीवाल्याने गाल चोळत शांतपणे सांगितलं, "इथे विलनचा माणूस हिरोला मागून मारतो," आणि पिक्चर पुढे चालू ठेवला.

गाण्यांच्या वेळी मात्र तो थकायचा. "इथे गाणं आहे, बागेत," एवढं म्हणून तो पाणी प्यायला जायचा. ती उणीव मुली भरून काढायच्या. मुलींना थिएटरात पाठवायची पद्धत फारशी नव्हती, पण विविध भारती घरात फुकट यायची. त्यांना गाणी सगळी पाठ, स्टोरी एकही नाही. त्याला स्टोरी सगळ्या पाठ, सूर एकही नाही. तो थांबला की पापड लाटता लाटता कुणीतरी नेमकं त्या पिक्चरमधलं गाणं सुरू करायची, बाकीच्या कडव्याला धरायच्या, आणि मग कुठे त्या मजल्यावर पूर्ण पिक्चर तयार व्हायचा.

सेन्सॉर बोर्डही घरचंच होतं. हिरो आणि हिरोईन पावसात सापडले, आडोसा शोधायला लागले, आणि नेमके तेव्हाच कुणाचे तरी वडील जिना चढून आले, तर स्टोरीवाल्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलायची नाही. तो त्याच आवाजात, त्याच लयीत सांगायचा, "...आणि ती त्याच्या जवळ येते आणि म्हणते, आईची औषधं संपली आहेत." वडील 'शहाणा मुलगा आहे' अशा नजरेने बघून आत जात. दार लागलं की पाऊस पुन्हा सुरू.

पण वर्गणी काही प्रत्येक पिक्चरला जमायची नाही. शाळा उघडायचा महिना असला, कुणाच्या घरी आजारपण असलं की भांडवल आटायचं. अशा वेळी खरा कलावंत ओळखू येतो. स्टोरीवाला थिएटरच्या बाहेरून पिक्चर गोळा करायचा. काचेच्या कपाटातले फोटो डावीकडून उजवीकडे बघायचे, मग उजवीकडून डावीकडे. कुणाच्या अंगावर कोणते कपडे आहेत त्यावरून तो आधी श्रीमंत होता की नंतर झाला हे ठरवायचं. बाहेर विकायला ठेवलेलं गाण्यांचं चोपडं विकत न घेता उभ्या उभ्या वाचायचं. त्यात पहिल्या पानावर कथासार असे. ते ऐन अडचणीच्या जागी थांबे आणि पुढे काय झालं ते रुपेरी पडद्यावर पाहा, असं सांगे. ही आमची सरळसरळ कुचंबणा होती, पण स्टोरीवाल्याला ते आमंत्रण वाटायचं. रेडिओवर पिक्चरच्या जाहिरातीचे पंधरा मिनिटांचे कार्यक्रम लागत, त्यात संवादांचे तुकडे असत. ते तुकडे कोणत्या फोटोला चिकटतात हे तो बघायचा. शेवटी पिक्चर सुटायच्या वेळी दाराशी उभं राहून बाहेर येणाऱ्यांची तोंडं बघायची. डोळे पुसत येत असतील तर आई मेली. हसत येत असतील तर लग्न झालं. नुसतेच पान खायला टपरीकडे वळले तर पिक्चर पडला. इतक्या मालमसाल्यावर तो साडेतीन तास सहज काढायचा.

कधी कधी त्याच्याकडे खरीखुरी फिल्मही असायची. भंगारवाल्याकडे रिळांचे तुकडे मिळत. पाच-सहा चौकटींची पट्टी, दोन्ही कडांना चौकोनी भोकं. जळलेला बल्ब मागून आणायचा, त्याच्या बुडाचं काळं टोक खिळ्याने हळूच फोडायचं, आतली तार बाहेर काढायची आणि बल्ब पाण्याने भरायचा. खोलीचं दार-खिडकी लावून घ्यायची. गॅलरीत एक पोरगा आरसा धरून उन्हाचा कवडसा फटीतून आत सोडायचा. त्या उजेडात फिल्म उलटी धरायची आणि पुढे पाण्याचा बल्ब. समोर चुन्याच्या भिंतीवर, देवाच्या कॅलेंडरच्या शेजारी, एक बाई उमटायची. रंग अगदी खरे. कपाळावर कुंकू, हातात तार आल्याचा कागद, तोंड उघडलेलं. ती हलायची नाही. पडद्यावर सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात तेव्हा माणूस हलतो. आमच्याकडे सगळ्या मिळून सहा, म्हणजे पाव सेकंदाचा पिक्चर. पण त्या पाव सेकंदाची स्टोरी ऊन उतरेपर्यंत चालायची. तार कुणाची, कुणी पाठवली, नवरा बोटीवर आहे की लढाईवर, स्टोरीवाला सांगत राहायचा आणि ती बाई तोंड उघडं ठेवून ऐकत राहायची. बाहेर आरसा धरणाऱ्याचा हात अवघडला की ती थरथरायची. तेव्हा स्टोरीवाला म्हणायचा, "आता तिला रडू फुटतंय."

वर्षातून एकदा पिक्चर आपणहून घरी यायचा. गणपतीत. रस्त्यावर दोन खांबांना पांढरा पडदा बांधून सोळा मिलिमीटरच्या मशीनवर पिक्चर दाखवत. लोक संध्याकाळपासून पाट, गोणपाट, वर्तमानपत्र टाकून जागा धरत. पुढची बाजू भरली की उरलेले पडद्याच्या मागे बसत, कारण पडदा पातळ आणि पिक्चर दोन्हीकडून दिसायचा. स्टोरीवाला मुद्दाम मागे बसायचा. मागून पाट्या उलट्या दिसत, सदऱ्याची बटणं भलतीकडे येत आणि सगळी माणसं डावखुरी होत. फक्त अमिताभ बच्चन, जो मुळातच डावखुरा, तो मागच्या बाजूने उजव्या हाताने मारायचा. दुसऱ्या दिवशी पुढचे आणि मागचे यांच्यात यावरून मारामारी व्हायची. स्टोरीवाला मध्ये पडून निकाल द्यायचा की, पिक्चरमध्ये दोन अमिताभ आहेत, जुळे, आणि ही गोष्ट डायरेक्टरने शेवटपर्यंत लपवलेली आहे.

एवढं सगळं पोरांपुरतं. पण त्याचा खरा कस बायकांपुढे लागायचा. त्या ऐकत आहेत असं कधी दाखवत नसत. कुणी तांदूळ निवडत असे, कुणी केसांत तेल घालत असे. मात्र सर्टिफिकेट संपतं न संपतं तोच एखाद्या काकी सुपातून मान वर न करता विचारत, "काय रे झिला, शेवटाक हिरो मरता काय?" आधी शेवट, मग स्टोरी. मरत असेल तर काकींचा निर्णय झालेला असे. "मगे कित्याक पैशे घालूचे? रडूक घरात काय कमी आसा?" बांगड्याचा कल्ला वर करून आत लाल आहे की नाही हे बघितल्याशिवाय ज्या बाईने कधी चार आणे सोडले नाहीत, ती शेवट न विचारता पिक्चरला पैसे घालणं शक्य नव्हतं. स्टोरीवाल्याला हे पूर्ण पटलेलं होतं. लोक तळकोकणातले, दशावतारात वाढलेले. तिथे लिहिलेली संहिता नसते, राजा आणि राक्षस रंगात येतील तसं बोलतात, आणि समोरच्यांचा कल बघून युद्ध लांबतं किंवा आटोपतं. मग पिक्चरनेच असं ताठ का राहावं?

1975 साल आलं आणि चाळीतलं सगळं अंदाजपत्रक कोसळलं. एकाच वर्षात 'दीवार', 'जय संतोषी माँ', 'पांडू हवालदार' आणि 'शोले'. देवाचा म्हणून 'जय संतोषी माँ' मंजूर झाला. आया चपला बाहेर काढून आत गेल्या आणि देवी प्रकट झाली की लोक पडद्याकडे नाणी फेकू लागले. स्टोरीवाला त्या दिवशी फार अस्वस्थ परत आला. स्टोरी त्याने कशीबशी उरकली. पैसे पडद्याकडे जाताना त्याने डोळ्यांनी पाहिले होते आणि त्यातलं एकही नाणं पहिल्या रांगेपर्यंत येऊन पडलं नव्हतं.

'दीवार'च्या वेळी वर्गणी जमली. त्याने जीव ओतून सांगितला. धाकटा भाऊ थोरल्याला गोळी घालतो, थोरला देवळात आईच्या मांडीवर प्राण सोडतो. गॅलरीत शांतता पसरली. मग एक आजी म्हणाली, "भावान भावाक मारल्यान?" आणि उठली. तिच्यामागे बाकीच्या उठल्या. स्टोरीवाल्याच्या कारकिर्दीत पहिल्यांदाच पिक्चर पडत होता. तो ओरडला, "थांब गे आजी, अजून एक रीळ आसा!" आणि त्या जास्तीच्या रिळात त्याने अमिताभला टॅक्सीत घालून केईएमला नेलं. तिथला वॉर्डबॉय ओळखीचा निघाला. आमच्या चाळीत सगळ्यांचाच निघायचा. रक्त धाकट्या भावाने दिलं. शुद्धीवर आल्यावर थोरला त्याला म्हणाला की, तुझं कर्तव्य होतं ते तू केलंस. आजी पुन्हा बसली. पदराने नाक पुसून म्हणाली, "आता कसा!"

मग 'शोले'. 15 ऑगस्टला लागला, मिनर्व्हाला सत्तर मिलिमीटरवर, आणि तिथे पुढे पाच वर्षं मुक्काम ठोकून बसला. तिकिटाचं नावच काढायला नको. स्टोरीवाल्याने फोटो, रेडिओ आणि सुटणाऱ्या गर्दीची तोंडं यावर तो बांधायला घेतला. शेवटाची माहिती दुसऱ्या मजल्यावरच्या एका काकांकडून मिळाली. ते साळ्याच्या ओळखीने बघून आले होते. ठाकूर गब्बरला पायांखाली घेतो, इतक्यात पोलीस येतात, कायद्याच्या गोष्टी सांगतात आणि गब्बरला घेऊन जातात. स्टोरीवाल्याने ते प्रामाणिकपणे तसंच सांगितलं. तीन संध्याकाळी लागल्या सांगायला. आजीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"पोलिसांच्या हातात दिल्यान?"

"होय."

"मगे काय? फाल्या जामिनार सुटान येतलो!"

यावर उत्तर नव्हतं. बायकांनी एकमुखाने 'शोले' नापास केला. ज्याने पोरं-सुना मारल्या, दोन्ही हात तोडले, त्याला सरकारी गाडीतून न्यायचा? स्टोरीवाला रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिला. चौथ्या दिवशी संध्याकाळी त्याने पुन्हा सगळ्यांना बोलावलं आणि शेवटचं रीळ नव्याने सांगितलं. पोलीस आलेच नाहीत. ठाकूरने खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला तुडवून तुडवून जिवे मारला. मग तो एकटा उभा राहिला, हात नाहीत त्यामुळे डोळेही पुसता येत नाहीत, आणि रडला. आजी म्हणाली, "ह्या बरोबर."

दुसऱ्या मजल्यावरचे काका हे ऐकून तावातावाने वर आले. "मी डोळ्यांनी बघितलाय! पोलीस येतात!" स्टोरीवाला हटला नाही. म्हणाला, "काका, तो खिळ्यांचे बूट घालून आला तो काय चौकीत वर्दी द्यायला?" काकांना हे सुचलं नव्हतं. पण त्यांनी मुद्दा सोडला नाही. "तू बघितलास काय पिक्चर?" "नाही," स्टोरीवाला म्हणाला, "म्हणून तर बरोबर सांगतो." तेव्हापासून मात्र चाळीत तो खोटारडा ठरला. पिक्चर बघून आलेला प्रत्येक जण काकांच्या बाजूने साक्ष द्यायचा आणि स्टोरीवाल्याच्या बाजूला फक्त आजी उरली.

पुढे धंदा बसत गेला. मुंबईला दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 पासूनच होतं, पण चाळीत पहिला टीव्ही यायला वेळ लागला. तळमजल्यावर आला. शनिवारी मराठी पिक्चर, रविवारी हिंदी, दहा पैसे तिकीट आणि पाय धुऊन यायची अट. स्टोरीवाल्याला तिथे लवकरच मज्जाव झाला, कारण रविवारी पिक्चर मध्येच थांबवून बातम्या लागायच्या आणि त्या संपेपर्यंत हा उरलेली स्टोरी सांगून मोकळा व्हायचा. बातम्यांनंतर खोलीत टीव्हीचे मालक आणि दोन लहान मुलं एवढीच उरत. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगारांच्या घरात ढीग लावायला पैसेच राहिले नाहीत. निम्मी चाळ गावाला गेली. स्टोरीवाल्याचा आवाज तोवर केव्हाच फुटला होता, मिशी आली होती, पण खातं त्याने कुणाच्या हवाली केलं नव्हतं. त्या वर्षी तो सरकून पुन्हा पायरीवर बसला आणि ज्यांना जायला गाव नव्हतं त्यांना रोज संध्याकाळी एक पिक्चर सांगायला लागला. वर्गणी नाही, तिकीट नाही. त्या दिवसांत त्याच्या पिक्चरमध्ये एकही मालक सुखाने मेला नाही.

मग भाड्याचा व्हिडिओ आला. कॉन्ट्री काढून एका रात्रीत तीन पिक्चर. पहिला सगळे बघत, दुसऱ्याला माना कलंडत, तिसऱ्याला पहाटे चार वाजता एकटा स्टोरीवाला ताठ बसलेला असे. सकाळी नळावर बादल्या लावून लोक त्यालाच विचारत, तिसऱ्यात काय झालं? थोडे दिवस त्याचं असं निभलं. त्यानंतर घरोघरी टीव्ही झाले आणि खातं आपोआप बंद पडलं.

आज तो साठीच्या पुढे आहे. जवळच्या फिनिक्स गिरणीच्या जागेवर मॉल आहे, मॉलात मल्टिप्लेक्स आहे. नातू एकदा तिथे घेऊन गेला. आत शिरताना मक्याच्या लाह्यांचा भाव ऐकून त्याला आईचे सगळे ढीग एकदम आठवले. पिक्चर सुरू झाल्यावर शेजारी बसलेल्या बाईंना त्याने सवयीने, हलक्या आवाजात, दिलासा दिला की घाबरू नका, हा मरत नाही. बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने पर्सला हात घातला होता. बाहेर आल्यावर नातवाने समजावलं की, असं सांगायचं नसतं, त्याला स्पॉयलर म्हणतात, लोकांना राग येतो, पैसे फुकट जातात. स्टोरीवाल्याला यातलं शेवटचं कारण काही केल्या कळेना. शेवट आधी न विचारता पैसे घालायचे आणि वर शेवट सांगणाऱ्यावर चिडायचं, हा व्यवहार त्याच्या कुठल्याच हिशेबात बसत नाही. घरात आता सगळ्या भाषांतले सगळे पिक्चर फोनवर आहेत आणि त्याला एकही कुणी सांगू देत नाही. तो स्वतःही ते बघत नाही. म्हणतो, बघून आलो आणि सांगायचं नाही, तर बघायचा कशाला?

2025 च्या जूनमध्ये इटलीतल्या बोलोन्या शहरात, जुन्या पिक्चरांच्या महोत्सवात, 'शोले'ची दुरुस्त केलेली प्रत दाखवली गेली. रमेश सिप्पींनी मुळात चित्रित केलेला शेवट त्यात परत जोडला होता. आणीबाणीच्या दिवसांत सेन्सॉर बोर्डाला तो मान्य झाला नव्हता, म्हणून पोलीस आणून नवा शेवट चित्रित करावा लागला होता. ही बातमी नातवाने फोनवर वाचली आणि धावत आला.

"आजोबा, 'शोले'चा खरा शेवट वेगळाच होता! ठाकूर..."

"थांब," स्टोरीवाला म्हणाला. खुर्ची पुढे ओढून बसला, घसा खाकरला आणि पोलीस कसे येत नाहीत, खिळ्यांचे बूट कसे पडतात, गब्बर कसा मरतो आणि हात नसलेला माणूस कसा रडतो, ते त्याने सगळं सांगितलं. थुंकी उडत होती, पण नातू पहिल्या रांगेतून हलला नाही. फोनवरची बातमी आणि आजोबा यांच्याकडे तो आळीपाळीने बघत राहिला.

"पण आजोबा, हे तुम्ही बघितलंत कुठे?"

"आपल्या चाळीत. तिसऱ्या मजल्यावर. पंच्याहत्तर साली."